सही घेण्याआधी वाचून दाखवायचं होतंत

आमच्याच गावांतून शिकून गेलेल्या आणि आता आमच्याकडे ‘रिक्वायरमेंट’ घ्यायला येणाऱ्या मुलामुलींनो,

काय घडलं ते तुम्हाला माहीत आहे. मी नव्यानं सांगायला नको. कारखान्याचं नाव मी इथं घेणार नाही, तुमच्या कंपनीचंही नाही. एका साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात मी ३१ वर्षं काढली, कृष्णाकाठची गावं आधी सायकलवरून आणि मग एम-८० वरून फिरलो, ॲग्री ओव्हरसिअर म्हणून निवृत्त झालो. एवढी ओळख पुरे.

भांडण काढायला हे पत्र लिहीत नाही. मला वाईट वाटलं आहे आणि ते तुमच्या कानावर जावं, एवढंच.

२०२० च्या जानेवारीत तुम्ही उसाची नोंद, तोड आणि बिल यांची संगणकप्रणाली बनवायची म्हणून आमच्या गट ऑफिसात आलात. हंगाम भरात होता. बाहेर ट्रॅक्टर खोळंबले होते आणि तुम्ही बाकावर बसून आमच्याच बोलीत बोलायला लागलात. एकजण वाळव्याचा, एकजण कऱ्हाडच्या बाजूचा, एक मुलगी कोरेगावकडची. चिटबॉय म्हणजे तोडीच्या चिठ्ठ्या देणारा कारखान्याचा माणूस, हे तुम्हाला सांगावं लागलं नाही. आडसाली, सुरू, खोडवा म्हटलं की तुमच्या माना हलत होत्या. तुमच्या घरीही ऊसच होता. सांगलीच्या वालचंदला, कऱ्हाडच्या शासकीय अभियांत्रिकीला, साखराळ्याच्या कॉलेजाला तुमच्यासारख्या कितीतरी पोरांची फी उसाच्या बिलातून भरली गेली.

म्हणून तर मी मोकळेपणानं बोललो ना?

तुमच्या आधीही लोक येऊन गेले होते. त्यांना आम्ही विचारलं तेवढंच सांगितलं. तुम्हाला न विचारलेलंही सांगितलं. तीन दिवस सांगत होतो. माझी खिशातली डायरी मी कधी साहेबांपुढंसुद्धा उघडली नव्हती, ती तुमच्यापुढं ठेवली. तुम्ही पानापानाचे फोटो काढलेत. ‘काका, हे तर सोनं आहे,’ म्हणालात.

त्या सोन्याचं काय केलंत?

तोडणीचा कार्यक्रम लागणीच्या तारखेवर लागतो, पण नुसत्या तारखेवर लागत नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. को ८६०३२ आणि फुले २६५ एकाच दिवशी लावले तरी ते एकाच दिवशी तोडायला येत नाहीत. २६५ ला जास्त थांबावं लागतं, नाहीतर साखरेचा उतारा पडतो. खोडव्याला तर लागणीची तारीखच नसते. आधीचा ऊस ज्या दिवशी तुटला, तो खोडव्याचा जन्मदिवस. हे सांगताना मी दोनदा थांबलो होतो, तुम्ही लिहून घेताय का हे बघायला. लिहीत होता तुम्ही.

नावांचंही सांगितलं होतं. आमच्या गावांत एकाच नावाचे, बापाचं नाव आणि आडनावही तेच असलेले तिघं-तिघं असतात. गाव त्यांना मळ्यावरून ओळखतं, विहिरीवरून ओळखतं. माझ्या डायरीत प्रत्येक नावापुढं मळा लिहिलेला होता. त्याचाही फोटो तुम्ही काढलात.

जमीन सासऱ्याच्या नावावर, सासरा वारलेला, नवराही गेलेला, वारसनोंद भाऊबंदकीत अडकलेली आणि ऊस मात्र ती बाई एकटी पिकवते. तिची नोंद कशी घ्यायची? निम्म्या वाट्यानं करणाऱ्याचं बिल कसं फोडायचं? बिलातून सोसायटीचं कर्ज, पाणीपुरवठा संस्थेची पट्टी, खताची उधारी यांतलं आधी काय कापायचं? पहिला हप्ता तुटपुंजा असतो तेव्हा हा क्रमच ठरवतो, घरात चार पैसे येणार की नाही ते. तुम्ही म्हणालात, ‘काका, हेच तर आम्हाला हवं होतं. हे दुसरं कुणी सांगत नाही.’

आणि पूर. ऑगस्ट २०१९ च्या महापुराला तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते. भिंतीवरची पाण्याची रेघ तुम्ही बोट लावून बघितलीत. मी सांगितलं, दिवसचे दिवस पाण्याखाली राहिलेल्या उसाच्या पोंग्यात गाळ बसतो, शेंडा कुजतो, कांड्यांवर मुळ्या फुटतात. तो ऊस पाळीची वाट बघत नाही. त्याला तारीख बाजूला ठेवून आधी तोड द्यावी लागते. जळालेल्या उसाचंही तेच. म्हणजे पाळी मोडायची सोय प्रणालीत पाहिजे आणि ती कुणी मोडली, कशासाठी मोडली, हे सगळ्यांना दिसलंही पाहिजे, नाहीतर वशिल्याची तोड सुरू होते.

तुम्ही वहीत त्या ओळीखाली दोन रेघा मारल्यात. मला आठवतं. तुम्हाला?

जाताना शब्द दिला होतात. दर पंधरा दिवसांनी येऊ, जेवढं झालं तेवढं दाखवू, तुम्ही चूक काढा, आम्ही दुरुस्त करू. चिटबॉयच्या हातात देऊन बघू. मग पुढं जाऊ. फळ्यावर गोल काढून तुम्ही ते आम्हाला समजावलं होतं. २००१ साली अमेरिकेत १७ जणांनी एकत्र बसून असं ठरवलं, की कराराच्या कागदापेक्षा वापरणाऱ्याशी बोलत राहणं मोलाचं, हेही तुम्हीच सांगितलंत. मला ते फार पटलं. आमच्या बैठकीतलीच गोष्ट वाटली.

दोनदा आलात. मग मार्चमध्ये लॉकडाऊन लागला. येणं शक्य नव्हतं, ते मी समजू शकतो. पण फोन तर होता. पुढच्या सहा महिन्यांत तुमच्यातल्या एकालाही एक फोन करावासा का वाटला नाही? की सोन्याचे फोटो हातात आल्यावर सोनाराची गरज उरली नव्हती? गरज सरो, वैद्य मरो. ही म्हण मी कारखान्यात पुष्कळदा ऐकली. आपल्या मुलांच्या बाबतीत ती आठवावी लागेल असं वाटलं नव्हतं.

त्यानंतर आला तो १४२ पानांचा इंग्रजी दस्त.

सही करा म्हणालात. मी विचारलं, यात काय आहे? ‘काका, तुम्ही जे सांगितलं तेच आहे.’ खोडव्याचं आहे का? ‘सगळं आहे.’ वाचायला चार दिवस द्या म्हटलं, तर ‘वरून घाई आहे, आज सही लागते, बदल नंतर करता येतात.’ शेतकी खात्यातल्या आम्ही पाचजणांनी सह्या केल्या. इंग्रजी येत नव्हतं म्हणून केल्या असं नाही, अडखळत वाचता आलं असतं. तुम्ही ‘सगळं आहे’ म्हणालात, म्हणून केल्या.

मुलांनो, आमच्या भागात सहीला इतिहास आहे. १८७५ साली सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्त जाळले. का जाळले? कागदावर काय लिहिलं आहे हे न कळता त्यांनी अंगठे उठवले होते आणि पुढं कोर्टात तोच अंगठा त्यांच्याविरुद्ध उभा राहत होता. त्यातून १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कायदा झाला. तो ज्या चार जिल्ह्यांसाठी होता, त्यांत पुण्या-सोलापूर-नगरबरोबर आपला सातारा होता, आणि वाळवा-तासगाव तेव्हा साताऱ्यातच होते. त्या कायद्यानं गावोगावी निबंधक नेमायची सोय केली. शेतकऱ्याचा दस्त निबंधकासमोर व्हायचा आणि सहीआधी तो वाचून, समजावून द्यावा लागायचा.

परक्या सरकारला हे कळलं होतं. कागद करणाऱ्याला आणि सही करणाऱ्याला एकच भाषा येत नसेल, तर आधी वाचून दाखवावं लागतं.

आमच्या आज्या-पणज्यांनी पोरांना शाळेत कशासाठी घातलं? १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काल्यात भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली, बायाबापड्यांनी मूठमूठ धान्य देऊन वसतिगृहं जगवली, ती कशासाठी? घरात आलेला कागद घरातल्या पोरानं वाचून दाखवावा म्हणून. त्या वसतिगृहांच्या पुण्याईवर शिकलेली पिढी तुम्हाला घडवून गेली. आणि तुम्ही आम्हाला सहज न वाचता येणारा कागद घेऊन आमच्याच दारात आलात. वाचून दाखवणारी पोरं तुम्हीच होतात. तुम्ही वाचलं नाहीत.

जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. त्याच हंगामात तुमची प्रणाली सुरू झाली.

खोडव्याच्या नोंदीत लागणीची तारीख भरल्याशिवाय चौकट पुढं सरकत नव्हती. पोरांनी सुचेल ती तारीख टाकली. त्या खोट्या तारखांवर कार्यक्रम लागला. पूरबाधित उसाला रकाना नव्हता. कारणांच्या यादीत शेवटी ‘इतर’ होतं. आठवडाभर पाण्यात कुजलेला ऊस तुमच्या लेखी ‘इतर’ झाला. तोडीची वाट बघत ऊस उभा वाळला. एकाच नावाच्या दोघांची नोंद एक झाली. माझ्याकडे निवृत्तीनंतरही लोक येत होते, ‘तुम्हीच सांगितलं होतं ना त्यांना सगळं?’ असं विचारत. काय उत्तर द्यायचं होतं मी?

तुम्हाला खोडवा माहीत नव्हता असं म्हणू? तुमच्या बापाच्या रानात तो उभा होता.

बाहेरचा माणूस चुकला असता तर मला राग आला असता. तुमचा राग आला नाही. लाज वाटली. मी गावाला सांगितलं होतं की ही आपलीच मुलं आहेत, बिनधास्त सांगा.

आम्ही तक्रार केली. तेव्हा तुमच्या वरच्या माणसानं काय सांगितलं ते तुम्ही ऐकलंत, त्या बैठकीत तुम्ही होतात. ‘हे स्कोपमध्ये नव्हतं. दस्तावर तुमची सही आहे. बदल हवा असेल तर वेगळे पैसे पडतील.’ वाळव्याच्या मुला, तू तेव्हा खाली मान घालून बसला होतास. वही तुझ्यासमोरच होती. दोन रेघा मारलेलं पान तू उघडून का दाखवलं नाहीस?

मी नंतर पुष्कळ विचार केला की माझं सांगणं हरवलं कुठं. तुमच्या वहीत ते होतं. मसुद्यात अर्धं होतं. पुढं कुणीतरी ठरवलं की हे अपवाद आहेत, सोडून द्या. मळा अपवाद, वाटेकरी अपवाद, विधवा अपवाद, पूर अपवाद. आमच्या शिवारातून एवढे अपवाद काढले तर उरतं काय? चाचणीच्या दिवशी तुम्ही पडद्यावर जे शेतकरी दाखवलेत, त्यांची नावं कुणाशी जुळत नव्हती, प्रत्येकाचा एकच तुकडा, स्वतःच्या नावावर, स्वतःचं खातं, आणि त्यांच्या रानात कधी पाणी आलं नव्हतं. ते शेतकरी तुम्ही बनवलेले होते. त्यांच्यापुढं प्रणाली बिनचूक चालली.

सातबाऱ्यावरचं एक नाव बदलायचं तर काय करावं लागतं, हे तुम्हाला माहीत आहे. फेरफार पडतो, त्याला क्रमांक मिळतो, ज्याचा ज्याचा संबंध त्याला नोटीस जाते, हरकत घ्यायला १५ दिवस मिळतात, मग मंडल अधिकारी तो मंजूर करतो. पन्नास वर्षांनी नातू आला तरी त्याला कळतं, काय बदललं, कधी, कुणाच्या सांगण्यावरून. सातबारे संगणकावर घेताना २०१७ साली गावोगावी चावडीवाचनही झालं, लोकांनी उभं राहून चुका सांगितल्या.

तुम्ही आमच्या सांगण्यात फेरफार केलात. त्याचा क्रमांक काय? नोटीस कुणाला दिलीत? हरकत घ्यायला आम्हाला किती दिवस होते?

बदल होणार, हे मी नाकारत नाही. उलट मीच तुम्हाला सांगितलं होतं की बिलाचे नियम कायम राहत नाहीत, ते कोडमध्ये घट्ट बांधू नका. ऊस गेल्यावर १४ दिवसांत बिल द्यायचं हा १९६६ च्या आदेशातला नियम आम्ही पाठ केलेला. २०२२ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारनं एफआरपी, म्हणजे उसाचा ठरलेला रास्त दर, दोन टप्प्यांत द्यायचा निर्णय काढला, मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयानं तो रद्द केला. दोन्ही वेळा शेतकऱ्याच्या हातातला हिशेब बदलला आणि दोन्ही वेळा तुमच्याकडून दरपत्रक आलं. मी हे आधीच सांगितलं होतं, याची नोंद तुमच्याकडे कुठंच नाही का?

वारणेचं उदाहरण तर तुमच्यासमोर होतं. १९९८ साली वारणा परिसरातल्या, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या ७० गावांत संगणक बसले. इंटरनेट येईल, बाजारभाव कळतील, सगळी माहिती गावात मिळेल, अशी स्वप्नं होती आणि हेतू चांगलाच होता. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधकांनी तिथं बसून बघितलं, की शेतकरी त्या केंद्रात नेमका कशासाठी येतो. तो येत होता उसाची नोंद, तोडीचा परवाना, वजन, खत आणि खात्याचा हिशेब बघायला. एवढ्यासाठी महागड्या संगणकाची गरजच नव्हती. त्यांनी सात गावांत तेच काम साध्या मोबाइलवरच्या एसएमएसनं करून दाखवलं. आधी बघितलं, मग बनवलं.

वारणा नदी तुमच्या घरापासून किती लांब आहे? परप्रांतातून आलेली माणसं आमच्या शेतकऱ्याशेजारी बसून त्याची गरज ओळखू शकली. तुम्हाला तर बसायचीही गरज नव्हती, तुम्ही त्याच घरात वाढलात. मग तुमच्या १४२ पानांत तो का सापडत नाही?

फ्रेड ब्रूक्स नावाच्या तुमच्या क्षेत्रातल्या मोठ्या माणसानं १९८६ सालीच लिहून ठेवलं आहे, की काय बनवायचं हे नेमकं ठरवणं हाच सॉफ्टवेअरमधला सगळ्यांत अवघड भाग. तुम्हीच मला हे नाव सांगितलंत, पहिल्या दिवशी चहा पिताना. तुम्हाला हे ठाऊक होतं. मग त्या अवघड कामाला तीन दिवस आणि सहीला सकाळचा एक तास कसा काय पुरला?

तुमच्यावर दबाव असेल. तारखा वरून येतात, पगार वरून येतो, घराचे हप्ते असतात. मी नोकरीच केली आहे, मला ते कळतं. पण आमच्या चिटबॉयवरही दबाव असायचा. पुढाऱ्याचा फोन यायचा, ‘याची तोड आधी दे.’ ज्यानं तो फोन ऐकून गप्प बसून तोड दिली, त्याला गाव पुढं कधी आपला म्हणालं नाही. आणि ज्यानं रजिस्टर उघडून पाळी दाखवली, त्याच्या नावानं लोक अजून रामराम घालतात. तुमच्या वहीतली दोन रेघांची ओळ ही आमची पाळी होती. ती तुम्ही कुणाच्या फोनवरून मोडलीत?

तुम्ही तिला ‘रिक्वायरमेंट’ म्हणता. आमच्याकडे तिला गरज म्हणतात. गरज माणूस कुणालाही सांगत नाही. ज्याच्याकडून लाज राखली जाईल असं वाटतं, त्यालाच सांगतो. त्या विधवेच्या खात्याची अडचण मी तुम्हाला सांगितली, तेव्हा ती माझ्याशेजारीच उभी होती. तिनं पदर सावरून स्वतः सांगितलं, ‘पोरांनो, माझं बिल दिराच्या खात्यावर जातं, तेवढं बघा.’ कोरेगावच्या मुली, तू तिचा हात धरून ‘बघते मावशी’ म्हणालीस.

मावशी अजून विचारते. तू बघितलंस का?

तुम्ही पुन्हा याल, हे मला माहीत आहे. दुसरी प्रणाली होईल, दुसरा मसुदा होईल, कदाचित तुमच्याऐवजी तुमच्यापेक्षा लहान पोरं येतील. त्यांना एवढं सांगा. गट ऑफिसात बसा, पण एक दिवस तोडीच्या फडातही जाऊन बसा. टोळीच्या मुकादमाला विचारा. आमच्या डायरीत लिहिलेलं ज्याचं त्याच्या नावानं नोंदवा. कुणी सांगितलं, का सांगितलं, आणि वगळायचं ठरलं तर कुणी वगळलं, तेही. वगळण्याआधी ज्यानं सांगितलं त्याला विचारा. चाचणीला बनवलेला शेतकरी आणू नका. आमच्या गावातला एक मळा घ्या, तीन सारख्या नावांचा, एका विधवेचा, एका पुराचा, आणि तो बसतो का बघा.

आणि दस्त मराठीत लिहा. चावडीत नाहीतर सोसायटीच्या हॉलमध्ये सतरंजी टाका, चिटबॉय, मुकादम, ती मावशी, सगळ्यांना बोलवा आणि पहिल्या पानापासून मोठ्यानं वाचा. दोन दिवस लागोत, चार लागोत. खोडव्याचं पान आलं की मी हात वर करीन. सहीचं पान सगळ्यांत शेवटी उघडा.

माझी डायरी अजून माझ्याकडेच आहे. फोटो काढायला नको, या वेळी ती घेऊन मीच येतो. वाचायला मात्र तुम्ही बसायचं.

तुमचाच,
कृष्णाकाठचा एक निवृत्त ॲग्री ओव्हरसिअर